खिंड सर होत नसते

हिवाळ्यात खारदुंगलावर सायकल चालवून आलेल्या मराठी माणसाचं क्रियापद ठरलेलं असतं: ‘सर केलं’. गड सर होतो. शिखरही एक वेळ सर होतं म्हणू. पण खारदुंगला ही खिंड आहे. ‘ला’ म्हणजेच तिबेटी भाषेत खिंड, त्यामुळे ‘खारदुंगला पास’ म्हणणं हे ‘पावनखिंड खिंड’ म्हणण्यासारखं आहे. आणि या खिंडीतून चक्क वाहनांचा रस्ता जातो. रस्ता सर करणं हा काय प्रकार आहे? माझा या शब्दाला विरोध आहे आणि तो निव्वळ व्याकरणाचा नाही.

त्या रस्त्याने मी स्वतः फेब्रुवारीत सायकलवर गेलो आहे, त्यामुळे कष्ट कमी लेखायचा प्रश्नच नाही. लेह साधारण 3,500 मीटरवर, माथा सुमारे 5,359 मीटरवर, मधे 39 किलोमीटरची चढण. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, म्हणजे दर श्वासात प्राणवायूही निम्माच. बाटलीतलं पाणी गोठतं, मोबाइल खिशातल्या खिशात मान टाकतो. गाड्यांच्या चाकांखाली दबलेला बर्फ काचेसारखा होतो, म्हणून टायरला खिळे लागतात. चढताना फुप्फुसं रडतात आणि उतरताना ब्रेकवरची बोटं. हे सगळं खरं आहे, आणि ते लिहावंही.

गाळलं जातं ते वेगळंच. जानेवारी-फेब्रुवारीत ती खिंड सायकलला मोकळी सापडते, कारण आधी कोणीतरी ती मोकळी केलेली असते. सीमा रस्ते संघटनेचा ‘हिमांक’ प्रकल्प 1985 पासून लडाखमधले रस्ते बांधतो आणि राखतो. हिवाळ्यात बर्फ हटवणाऱ्या यंत्रांवर माणसं असतात, यंत्र पोचत नाही तिथे फावडी असतात. उन्हाळ्यात खडी फोडायला आणि डांबर टाकायला झारखंडातल्या दुमका भागातून मजूर येतात. 2020 च्या जूनमध्ये, टाळेबंदीनंतर, दुमक्याहून त्यांच्यासाठी खास रेल्वेगाडी सुटली, तेव्हा कुठे त्यांची बातमी झाली. खारदुंगलाच्या माथ्यावर वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, असा सल्ला पर्यटकाला मिळतो. फावडंवाल्याला तो कोण देणार?

उलट मराठीत खिंड ‘लढवतात’. जुलै 1660 मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना खिंडीतून पुढे निघून गेले ते साक्षात शिवाजी महाराज. तरी खिंड ओळखली जाते ती मागे थांबलेल्या बाजीप्रभूंच्या नावाने. बोरघाटाची वाट इंग्रजांना शिंग्रोबा धनगराने दाखवली, असं सांगतात. त्याचं देऊळ घाटात आहे आणि गाडीवाले तिथे नाणं टाकून पुढे जातात. घाट आपण ‘चढला’ किंवा ‘ओलांडला’ असं म्हणतो. खोपोलीहून लोणावळ्याला पोचलेला ड्रायव्हर ‘बोरघाट सर केला’ म्हणाला, तर त्याला कोणी चहासुद्धा पाजणार नाही. मग हिमालयात गेल्यावरच आपली भाषा एवढी का चढते?

मी परत आलो तेव्हा टेंभुर्णीत फ्लेक्स लागला होता: ‘टेंभुर्णीच्या सुपुत्राने बर्फाळ खारदुंगला सर केला’. शाल-श्रीफळही झालं. लोकांचं प्रेम खरं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण गळीत हंगाम चालू होता. त्या फ्लेक्सखालून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याकडे जात होते. तो ऊस तोडायला बीडकडून आलेल्या टोळ्या पाचटाच्या कोप्यांत राहत होत्या, मुकादमाची उचल फेडायला पहाटेच्या गारठ्यात पोराबाळांसह फडात उतरत होत्या. माझी थंडी मी विकत घेतली होती, रजा टाकून, परतीचं विमान ठरवून. तिला ‘धाडस’ म्हणायचं आणि यांच्या थंडीला ‘हंगाम’, ही वाटणी कोणी केली?

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘छंद आहे रे, त्यात मजूर कशाला आणतोस?’ मी आणत नाही. ते तिथे आधीपासून आहेत, फोटो कापताना आपण त्यांना चौकटीबाहेर काढतो. जाऊ नका असंही माझं म्हणणं नाही. जरूर जा, बर्फात पेडल मारण्याइतकं निखळ सुख थोडं असतं.

मागणी छोटी आहे आणि माझ्या धंद्यातून आली आहे. सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याने मोकळा ठेवलेला कोड फुकट वापरता येतो, पण बहुतेक परवान्यांत एक अट असते: मूळ लिहिणाऱ्याचं नाव पुसायचं नाही. अब्जावधींच्या कंपन्याही ती अट पाळतात. मग मोकळ्या ठेवलेल्या रस्त्याला ती का नको? किती किलोमीटर, किती चढण, नाडीचे ठोके किती, हे सगळं आपण दशांशापर्यंत नोंदवतो. त्यात एक ओळ वाढवा: बर्फ कोणी काढला होता, ते कुठून आले होते, रात्री कुठे झोपत होते. माहीत नसेल तर थांबून विचारा. दम लागलेला असतोच, तेवढीच विश्रांती.

आणि क्रियापद बदला. खारदुंगला मी ओलांडली. मला ती मोकळी मिळाली होती.