कंपनी अडचणीत, तब्येत सांभाळा

देशाला पेनिसिलिन पुरवणाऱ्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये (स्थापना १९५४) पुढे कामगारांचेच पगार महिनोनमहिने थकले. येरवड्यातल्या आयटी कंपन्यांतले रुग्णही आज नोकरीची धास्ती घेऊन येतात. त्यांना नुसते ‘आनंदी राहा’ सांगणे मला पटत नाही. काळजी वाटणे हा आजार नव्हे. पण सततच्या ताणाने झोप उडते, रक्तदाब आणि साखर वाढते. म्हणून खुशीचा आव न आणता हातात आहे ते सांभाळा: वेळेवर झोप, जेवण, रोज अर्धा तास चालणे. घरच्यांपासून काही लपवू नका. पैसे वाचवायला बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करू नका. स्वस्त जेनेरिक औषधांबद्दल डॉक्टरांना विचारा. जगणे नकोसे वाटले तर लगेच १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर बोला. नोकरी दुसरी मिळू शकते. शरीर एकच आहे.