छातीच्या चित्रातील पांढरा डाग



छातीचे क्ष-किरण चित्र घरी आले की सारे ते उजेडासमोर धरतात आणि कोठे पांढरे दिसले की त्यांचा धीर सुटतो. आपल्या राजेगावची माणसे तपासणीस गोंदियाला जावोत वा बालाघाटला, परतल्यावर प्रकार हाच. मुलीचे लग्न जमावयाचे आहे म्हणून ती फिल्म पेटीच्या तळाशी दडविणारे आईबापही आहेत. तेव्हा या पांढऱ्याचा अर्थ समजून घेऊ.

हे चित्र म्हणजे एक सावली होय. १८९५ साली जर्मनीतील वुर्झबर्ग येथे राँटजेन यांना हे किरण सापडले. त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, तेव्हा हाडे व बोटातील अंगठी ठळक उमटली, मांस मात्र पुसट. किरण जेथे आरपार जातात तेथे फिल्म काळी होते; अडतात तेथे ती पांढरी राहते. मांसात मुख्यत्वे हलके अणू असतात: कार्बनचा अणुक्रमांक ६, ऑक्सिजनचा ८. हाडातील कॅल्शियमचा २०. अणुक्रमांक दुप्पट झाला की तेवढ्याच वजनाचा पदार्थ सुमारे आठपट किरण गिळतो. जठराच्या तपासणीत बेरियमचे (५६) पांढरे पेय पाजतात आणि तंत्रज्ञ शिशाचा (८२) झगा घालतो, ते याचसाठी.

फुफ्फुसात हवा असते. हवा विरळ, म्हणून ते काळे दिसते. तेथे पांढरा डाग आला, तर हवेची जागा कशाने तरी घेतली, एवढेच ठरते. पू, पाणी की गाठ, हे सावली सांगत नाही. तिघांची छटा जवळजवळ सारखीच. म्हणूनच डॉक्टर थुंकी तपासावयास सांगतात. ही तपासणी सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते. ती टाळू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाची. भरवेलीसारख्या मँगेनीजच्या खाणी येथे आहेत. दगड फोडण्याची कामेही चालतात. दगडाच्या धुळीतील सिलिका वर्षानुवर्षे श्वासातून गेली, तर फुफ्फुसात बारीक गाठी होतात. चित्रात त्या क्षयासारख्या दिसू शकतात, आणि सिलिकोसिस झालेल्यास क्षयाचा धोकाही अधिक असतो. क्षयाच्या औषधाने क्षय बरा होतो. त्या गाठी जात नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण कोणते काम किती वर्षे केले, हे आपणच सांगावे.

आणि ती फिल्म पेटीतून काढून सोबत न्यावी. जुन्या चित्राशेजारी नवे धरले, म्हणजे डाग वाढला की ओसरला, हे डॉक्टरांना ताडता येते.