वापसा आणि हप्ता

२२ सप्टेंबर २०२५ रोजी शेतीच्या ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि ट्रॅक्टरच्या टायरांवरील व सुट्या भागांवरील करही १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवरच उतरला. त्याच सुमारास मराठवाड्यातील नद्या-नाल्यांना पूर येऊन उभा खरीप पाण्याखाली गेला आणि अनेक ठिकाणी पिकाबरोबर सुपीक मातीही खरडून निघाली. यंत्र स्वस्त होत असतानाच ते घेणाऱ्याची ऐपत वाहून गेली, असा हा योग होता. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अल्पभूधारकाने छोटा ट्रॅक्टर घ्यावा का, घ्यावा तर कोणता आणि त्याचे पैसे कसे फेडावेत, हा प्रश्न या दोन्ही गोष्टी समोर ठेवूनच सोडवावा लागतो. किंमत उतरणे आणि यंत्र परवडणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि त्यांतील अंतर भरून काढण्याचे काम एकट्या शेतकऱ्यावर सोपवून शासनाला व बँकांना मोकळे होता येणार नाही.

छोट्या यंत्राची गरज खरी आहे, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका वहितीधारकामागचे सरासरी क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ पर्यंत १.३४ हेक्टरवर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आले. एवढ्या तुकड्यावर बारमाही बैलजोडी पोसणे, तिच्या वैरणीची तजवीज करणे आणि सालगडी ठेवणे बहुतेक कुटुंबांना झेपत नाही; भाड्याचा मोठा ट्रॅक्टर मिळतो, पण मोठ्या रानाची सलग कामे आटोपल्याशिवाय तो दोन-तीन एकरांच्या वावराकडे सहसा वळत नाही. येथे वापसा या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा लागतो. पाऊस उघडल्यावर जादा पाणी निचरून जमीन धड चिखलही नाही आणि धड कोरडीही नाही, अशा मशागतीजोग्या स्थितीला येते, तिला वापसा म्हणतात. भारी काळ्या रानात तो उशिरा येतो आणि लवकर निघून जातो. त्याआधी औत घातले तर माती चिकटून ढेकळे पडतात आणि तो हुकला तर तण पिकाच्या वर जाते. वापशाच्या त्या मोजक्या दिवसांत साऱ्या गावाला एकाच वेळी ट्रॅक्टर हवा असतो, आणि घरच्या छोट्या ट्रॅक्टरचे खरे मोल त्या दिवसांतच असते.

मात्र छोटा ट्रॅक्टर कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे विक्रीच्या गडबडीत पुरेसे सांगितले जात नाही. साधारणपणे ३० अश्वशक्तीच्या आतील, हलक्या वजनाच्या आणि अरुंद बांध्याच्या ट्रॅक्टरला व्यवहारात मिनी ट्रॅक्टर म्हणतात. स्वराजचा ११ अश्वशक्तीचा कोड, महिंद्राचा १५ अश्वशक्तीचा युवराज आणि कुबोटाचा २१ अश्वशक्तीचा निओस्टार ही या वर्गातील काही ओळखीची नावे. वखरणी, पेरणी, कोळपणी, फवारणी, सऱ्या पाडणे आणि बागेतील आंतरमशागत, म्हणजे उभ्या पिकाच्या दोन ओळींमधील मशागत, ही त्याची कामे होत. उन्हाळ्यात तापून दगडासारख्या झालेल्या काळ्या जमिनीत पलटी नांगराने खोल नांगरट करणे हे त्याचे काम नव्हे. त्यासाठी ४० ते ५० अश्वशक्तीचे वजनदार यंत्र लागते. वर्षातून एकदा होणारी ही नांगरट भाड्याने करून घ्यावी आणि वर्षभर पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांसाठीच छोटे यंत्र घ्यावे, हा विवेक पहिल्या दिवसापासून ठेवला तर पुढची निराशा टळते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील शेतकऱ्यांनी हेक्टरभराच्या शेतीला मोठी यंत्रे न जोडता आधी पॉवर टिलर आणि मग छोटे ट्रॅक्टर आणले, यातील धडाही हाच, की यंत्राचे माप वावराने ठरवायचे असते.

हे माप अगदी फुटा-इंचांत घ्यावे लागते. चार फुटांवर टोकलेल्या कपाशीच्या दोन ओळींत तीन फूट रुंदीचा ट्रॅक्टर शिरला, तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूटच उरतो. कपाशीच्या फांद्या पसरू लागल्या की तेवढीही जागा राहत नाही आणि पोटाखालची उंची कमी असेल तर शेंडे मोडू लागतात. ओळ संपून धुऱ्याशी वळताना यंत्राला जास्त जागा लागत असेल, तर प्रत्येक ओळीच्या टोकाची झाडे चाकाखाली जातात आणि लहान वावरात ओळी आखूड व वळणे अधिक असल्यामुळे हे नुकसान हंगामभर साचत जाते. म्हणून वैजापूर-गंगापूरच्या कापूस उत्पादकाने चाकांतील अंतर कमी-जास्त करता येते का हे पाहावे. पैठण-पाचोडच्या मोसंबी बागायतदाराने फांद्यांखालून जाण्याइतकी कमी उंची आणि फवारणीच्या ब्लोअरला पुरेल एवढी शक्ती पाहावी. आणि कन्नड-खुलताबादच्या आले उत्पादकाने गादीवाफ्याच्या रुंदीशी चाके जुळतात का हे पाहावे. एका गावात चांगला ठरलेला ट्रॅक्टर दुसऱ्या गावातील पिकाला चुकीचा ठरू शकतो.

शक्तीच्या आकड्याविषयीही असाच घोळ असतो. जाहिरातीत छापलेली अश्वशक्ती इंजिनाची असते, तर रोटाव्हेटर किंवा फवारणी यंत्र चालते ते ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या दांड्यावर, ज्याला पीटीओ म्हणतात. तेथपर्यंत पोहोचणारी शक्ती इंजिनाच्या शक्तीपेक्षा कमी असते आणि अवजार तिच्याच बेताने निवडावे लागते. ही शक्ती किती, डिझेल किती लागते आणि हायड्रॉलिक, म्हणजे अवजार उचलणारी यंत्रणा, किती वजन पेलते, याची तपासणी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत होते. खरेदीदाराने विक्रेत्याकडे त्या तपासणीचा अहवाल मागावा आणि तो समजावून देण्याची सोय प्रत्येक तालुका कृषी कार्यालयात असावी. त्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न दुरुस्तीचा आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सने २०२४ मध्ये ट्रॅक्टरचा व्यवसाय बंद केला, यावरून एवढे तरी उमगावे, की दहा-पंधरा वर्षे वापरायच्या यंत्रामागे उत्पादक आणि सुटे भाग तितकी वर्षे टिकणार का, हाही निवडीचा निकष आहे. वापशाच्या दिवशी ज्याचा मिस्त्री तालुक्याच्या गावाहून तासाभरात येतो, तो ट्रॅक्टर पाच-दहा हजारांनी महाग असला तरी स्वस्त पडतो.

निवडीनंतर पैशाचा हिशेब येतो आणि बहुतेक कुटुंबांची खरी ओढाताण तेथे होते. करकपातीचा लाभ उघड आहे: करापूर्वी चार लाख किंमत असलेल्या ट्रॅक्टरवर पूर्वी ४८ हजार रुपये कर पडत असे, तो आता २० हजार पडतो, म्हणजे २८ हजारांची बचत होते. परंतु खर्चाची खरी बाजू पुढे आहे. उदाहरणादाखल ट्रॅक्टर आणि अवजारे मिळून साडेपाच लाखांची खरेदी धरली, त्यात दीड लाख पदरचे घातले आणि चार लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर सहामाही हप्ता सुमारे ५३ हजार, म्हणजे वर्षाला एक लाख सहा हजार रुपये होतो. विमा व दुरुस्तीचे २० हजार त्यात मिळवले की बोजा सव्वा लाखावर जातो. पाच एकरांच्या शेतकऱ्याचे वर्षाचे मशागतीचे भाडे ३० हजार धरले आणि त्यातून घरच्या कामाचे डिझेल वजा केले, तर त्याची बचत २२ हजारांच्या आसपास राहते. उरलेले एक लाख चार हजार त्याला दुसऱ्याच्या शेतात भाडे करूनच मिळवावे लागतात, आणि तासामागे सर्व खर्च जाऊन ४०० रुपये हाती राहतात असे मानले तर त्यासाठी २६० तास, म्हणजे रोज सहा तासांप्रमाणे सुमारे ४४ दिवस काम मिळाले पाहिजे. आकडे प्रत्येक गावी बदलतील, पण हा हिशेब खरेदीआधी कागदावर मांडला गेलाच पाहिजे. केवळ शेजाऱ्याच्या दारात ट्रॅक्टर उभा राहिला म्हणून आपल्याही दारात आणलेले यंत्र अनेकदा जमीन कसण्याऐवजी जमिनीवर बोजा चढवते.

व्याज कोणत्या रीतीने आकारले जाते, हे या हिशेबातील सर्वांत निसरडे ठिकाण आहे. फ्लॅट दर म्हणजे हप्ते फिटत गेले तरी सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच शेवटपर्यंत व्याज लावणे, आणि घटत्या शिलकीचा दर म्हणजे जेवढे मुद्दल उरले तेवढ्यावरच व्याज लावणे. वरच्याच चार लाखांवर नऊ टक्के फ्लॅट दराने पाच वर्षांचे व्याज एक लाख ८० हजार होते आणि सहामाही हप्ता ५८ हजार बसतो. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर जवळपास १५ टक्के होतो. अकरापेक्षा नऊ कमी, असे मानून सही करणारा शेतकरी पाच वर्षांत सुमारे ५० हजार रुपये अधिक भरतो. किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक केले आहे, ज्यात सर्व शुल्क धरून येणारा वार्षिक दर कर्जदाराला समजेल अशा भाषेत नमूद करायचा असतो. ट्रॅक्टर घेणाऱ्या प्रत्येकाच्या हाती असे मराठी विवरणपत्र सही करण्यापूर्वी पडले पाहिजे, आणि ते पडते की नाही हे जिल्हा अग्रणी बँकेने पाहिले पाहिजे.

दराइतकीच हप्त्याची वेळही महत्त्वाची आहे, कारण वापसा जसा मातीला असतो तसाच तो शेतकऱ्याच्या पैशालाही असतो. कापूस आणि मका विकून जानेवारीपर्यंत, रब्बीचा कांदा-गहू विकून मे महिन्यात आणि मोसंबीच्या बहरानुसार हाती पैसा येतो. जून ते सप्टेंबर हे महिने बियाणे, खत आणि मजुरीत पैसा जाण्याचे असतात. अशा काळात मासिक हप्ता मागणारे कर्ज शेतकऱ्याला सावकाराच्या दारी नेते आणि एका यंत्रापायी दोन कर्जे उभी राहतात. १ मे २०२५ रोजी राज्यातील ग्रामीण बँकांच्या विलीनीकरणातून साकारलेल्या महाराष्ट्र ग्रामीण बँकेचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगर येथेच आहे. पिकाच्या विक्रीशी जुळणारे सहामाही हप्ते आणि आपत्तीच्या वर्षी हप्ता पुढे ढकलण्याची अट मूळ करारातच छापलेले ट्रॅक्टर कर्ज या बँकेने सर्वांआधी द्यावे आणि इतरांपुढे दाखला ठेवावा. नैसर्गिक आपत्तीनंतर कर्जाच्या पुनर्गठनाची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहेच. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ती शेतकऱ्याला अर्ज-विनंत्या करून मिळवावी लागू नये. कर्ज फिटल्यावर वाहनाच्या नोंदणीपुस्तकावरील आणि सातबाऱ्यावरील बँकेचा बोजा तत्परतेने उतरवून देणे, हेही बँकेच्या कर्तव्यात मोडते.

अनुदानाची रचना याच कसोटीवर तपासावी लागेल. राज्यातील कृषी यांत्रिकीकरण योजनेत गेली काही वर्षे अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ट्रॅक्टरसाठी सव्वा लाख रुपयांपर्यंत, तर इतरांना एक लाखापर्यंत अनुदान मिळत आले आहे. महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज, पूर्वसंमती, खरेदी, प्रत्यक्ष तपासणी आणि मग खात्यावर रक्कम, असा तिचा क्रम आहे. याचा अर्थ असा, की संपूर्ण किंमत आधी शेतकऱ्याने उभी करायची आणि अनुदान नंतर यायचे. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्यासाठीच ठेवलेली मदत त्यामुळे पैसा असणाऱ्याला सोपी जाते. २०२५ पासून सोडतीच्या जागी प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य हे सूत्र आले, त्यात तर संगणक आणि माहिती जवळ असणाराच पुढे राहतो. पूर्वसंमतीबरोबरच अनुदानाची रक्कम बँकेच्या कर्जखात्याशी जोडून पहिल्याच दिवशी मुद्दल कमी करणे शक्य आहे आणि शासनाने ते केले पाहिजे.

सामाजिक न्याय विभागाच्या मिनी ट्रॅक्टर योजनेत अधिक चांगली वाट दिसते. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील स्वयंसहाय्यता बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, त्याला लागणारी अवजारे आणि ट्रेलर यांसाठी साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान देण्याची तिची रचना आहे. येथे यंत्र एकट्याचे नसून गटाचे आहे आणि अवजारांसह आहे. या दोन गोष्टींमुळेच छोट्या ट्रॅक्टरला वर्षभर पुरेसे काम मिळू शकते. चार-पाच कुटुंबांनी मिळून वीस-पंचवीस एकरांसाठी एक ट्रॅक्टर घेतला, तर वरील हिशेबातील भाड्याचे बरेचसे तास गटाच्याच शेतांत भरून निघतात. गावोगावच्या अवजारे बँकांनी, म्हणजे भाडेतत्त्वावर यंत्रे देणाऱ्या केंद्रांनी, मोठ्या ट्रॅक्टरांबरोबर अशी छोटी यंत्रेही ठेवली पाहिजेत, आणि पैठण रोडवरील व गांधेलीतील कृषी विज्ञान केंद्रांनी कपाशी, आले आणि मोसंबी यांच्या प्रत्यक्ष शेतांत त्यांची तुलनात्मक प्रात्यक्षिके घ्यावीत. एक हंगाम भाड्याने चालवून पाहिल्यावर केलेली खरेदी सहसा चुकत नाही.

छोट्या शेताचा छोटा ट्रॅक्टर ही चैन नाही. वाटण्या झालेल्या जमिनीवर शेती टिकवून धरण्याचे ते एक साधन आहे आणि ते कष्टकऱ्याच्या हाती यावे, असेच कोणालाही वाटेल. पण ट्रॅक्टर दारात आला, त्याला हार घातला गेला, नारळ फुटला, एवढ्याने धोरण यशस्वी होत नाही. दोन पावसांमधला वापसा अल्पभूधारकाला साधता आला आणि पुढच्या मेपर्यंत त्याचा हप्ता पिकाच्या पैशातून, जमीन गहाण न टाकता फिटला, तर ते यशस्वी झाले असे म्हणता येईल. शासनाने आणि बँकांनी आपल्या योजनांचे मोजमाप विकल्या गेलेल्या ट्रॅक्टरांच्या संख्येवरून न करता याच दोन गोष्टींवरून करावे.