दार का अडतं?

मुलांनो, या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बहुधा कोडी असतात, नाहीतर ‘आकाश निळं का?’ अशा जातीचे प्रश्न. या वेळी मात्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून, सातवीतल्या मुलीचं निराळंच पत्र आलं आहे. त्यांच्या न्हाणीघराचं लाकडी दार पाऊस सुरू झाला की नीट बंद होत नाही. दोन बोटं उघडं राहतं, म्हणून कडी लागत नाही. मग ती आतून दाराला पाण्याची बादली लावते आणि अंघोळ होईपर्यंत मोठमोठ्याने पाढे म्हणत राहते! म्हणजे आत कोणीतरी आहे हे बाहेरच्यांना कळतं. घरी पाहुणे आले की ती अंघोळीला पहाटे उठते. घरातली मोठी माणसं म्हणतात, “दिवाळीनंतर बसेल गं आपोआप.”

बसेलही. पण जून ते दिवाळी म्हणजे जवळजवळ पाच महिने झाले की! मला विचाराल तर हा प्रश्न आकाशाच्या निळेपणापेक्षा तातडीचा आहे. तेव्हा आज दाराकडेच पाहू या.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. दार अडलं की लगेच रंधा मारायला धावायचं नाही. दार कुठे अडतं ते शोधायचं, मग का अडतं ते ठरवायचं. यासाठी तुम्हाला लागेल एक जुनी लग्नपत्रिका, एक रंगीत खडू आणि एक छोटा आरसा.

लग्नपत्रिकेची लांब पट्टी कापा. दार जितकं बंद होतं तितकं करा आणि दार व चौकट यांच्यामधल्या फटीतून पट्टी वरून खाली सरकवत न्या. जिथे ती सुळकन जाते तिथे सगळं ठीक. जिथे अडकते ती दुखरी जागा. अजून नेमकं हवं असेल तर दाराच्या कडेवर खडू घासा, दार लावा, उघडा. चौकटीवर जिथे रंग उमटेल तिथेच घासतंय. बस्स, निम्मं काम झालं!

समजा, रंग फक्त वरच्या कोपऱ्याशी, कडीच्या बाजूला उमटला. खाली फरशीवर पाहा बरं, कंपासने काढावा तसा पाव वर्तुळाचा ओरखडा आहे का? असेल तर दार फुगलेलं नाही, ते लोंबलेलं आहे. खात्री करायची तर दार अर्धवट उघडा आणि कडीच्या बाजूने हलकेच वर उचलून पाहा. खडखड वाजलं, हललं, म्हणजे वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले आहेत.

वरच्याच बिजागरीचे का? एक जाडसा अ‍ॅटलास घ्या. त्याची फक्त डावी कड दोन्ही हातांनी धरा, एक हात वर आणि एक खाली, आणि अ‍ॅटलास उभा हवेत धरून ठेवा. वरचा हात अ‍ॅटलासकडे ओढला जातो आणि खालच्या हातावर तो रेटा देतो, हे जाणवेल. दाराचंही असंच. वर्षानुवर्षं वरची बिजागरी ओढ सोसत असते. दाराला लोंबकळून झोके घेणाऱ्यांनी (मी कुणाचं नाव घेत नाही!) इथे थोडं थांबून विचार करावा.

यावरचा इलाज मात्र अगदी स्वस्त. कडीच्या बाजूला दाराखाली पाचर द्यायची, म्हणजे भार बिजागरीवर राहत नाही. एका वेळी एकच स्क्रू काढायचा. भोक मोठं झालेलं असेल, त्यात गूळ पुसून टाकलेल्या, म्हणजे गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या फेविकॉल लावून गच्च ठोकायच्या, बाहेर राहिलेली टोकं कापायची, ते वाळू द्यायचं आणि स्क्रू परत पिळायचा. स्क्रूला धरायला नवीन लाकूड मिळालं की दार पुन्हा वर उचललं जातं. हे काम मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करा. दार दिसतं त्यापेक्षा बरंच जड असतं.

पण आपल्या पत्रलेखिकेचं दार फक्त पावसाळ्यातच अडतं. तिथे खडूचा रंग वरपासून खालपर्यंत सगळ्या कडेवर उमटेल. हे खरं फुगलेलं दार. लाकूड म्हणजे अतिशय बारीक नळ्यांची मोळीच समजा. या नळ्या झाडाच्या उंचीच्या दिशेने उभ्या असतात. पावसाळी हवेतली वाफ नळ्यांच्या भिंतींत शिरते आणि त्या भिंती जाड होतात. त्यामुळे नळी जाड होते, लांब मात्र जवळजवळ होत नाही. म्हणून दाराची उंची आहे तेवढीच राहते आणि रुंदी वाढते. किती? सुतारांचं माप आहे सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिलीमीटर. सुतार दार आणि चौकट यांत जेमतेम एक सूत फट ठेवतो. ३० इंच रुंदीचं, सलग फळ्या जोडून केलेलं दार कोकणातल्या पावसात एक-दोन सूत सहज वाढतं. मग ते बसणार कसं? सोलापूर-लातूरकडच्या वाचकांना उलटा अनुभव असेल. कडक उन्हाळ्यात त्यांच्या दारांच्या फळ्यांमधून उजेड दिसू लागतो.

जुन्या सुतारांना हे पक्कं ठाऊक होतं. पॅनेलचं दार पाहिलंय ना? चारी बाजूंनी जाड पट्ट्या आणि मध्ये पातळ फळ्या. त्या मधल्या फळ्या डिंकाने चिकटवत नाहीत, पट्ट्यांच्या खाचेत नुसत्या सरकवून ठेवतात. त्यांना फुगायचं तर खाचेतल्या खाचेत फुगू द्यायचं! बाहेरच्या मापात फक्त दोन उभ्या पट्ट्यांची वाढ धरावी लागते. मला हे शोधून काढणाऱ्या माणसाचं फार कौतुक वाटतं. प्लायवूडमध्ये एकावर एक थर आडवे-उभे चिकटवतात, त्यामुळे तेही रुंदीत फारसं वाढत नाही. पण खालून पाणी लागलं तर थर सुटतात.

मग पावसातच रंधा मारला तर? दार आज बसेल, आणि जानेवारीत लाकूड सुकलं की अशी फट पडेल की तिच्यातून न्हाणीघर दिसेल. म्हणजे आगीतून फुफाट्यात. पावसात कडेवर कोरडी मेणबत्ती किंवा साबणाची वडी घासायची, थोडं घासत असेल तर तेवढ्यानं भागतं. रंध्याचं काम हिवाळ्यात, सुताराकडून, आणि तेही लागेल तेवढंच.

त्याहून महत्त्वाचं काम आरशाचं आहे. दार उघडून आरसा जमिनीवर दाराखाली धरा आणि दाराची खालची कड पाहा. पुष्कळदा तिथे रंगाचा थेंबही नसतो! पुढून-मागून दार चकचकीत आणि खाली कोरं लाकूड. रंगाऱ्याचा ब्रश तिथे पोचत नाही आणि ती कड कुणाला दिसतही नाही. पण नळ्यांची उघडी तोंडं तिथेच असतात, आणि न्हाणीघरातलं पाणीही तिथेच असतं. सुकलेलं दार उतरवून खालच्या आणि वरच्या कडेला दोन हात रंग द्या. पुढच्या पावसाळ्यात फरक दिसेल.

आणि तोवर त्या मुलीनं काय करायचं? खिडकीच्या झडपेला असतो तसा लोखंडी आकडा दाराच्या आतून लावून घ्यायचा. दार दोन बोटं उघडं असलं तरी लांब आकडा अडकतो. फटीवर आतून जुन्या टॉवेलचा पडदा. पाचच मिनिटांचं काम आहे. आई-बाबांना हे सदर वाचून दाखव, आणि ‘मला लाज वाटते’ हे स्पष्ट सांग. त्यांना दार दिसतं, पाढ्यांचं कारण कदाचित कळलेलं नसेल.

आता शाळेकडे येऊ. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेत मुलींसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळी स्वच्छतागृहं हवीत असं लिहिलं आहे. कडीबद्दल तिथे काही नाही. पण कडी न लागणारं स्वच्छतागृह असून नसल्यासारखं. अशा शाळेत मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, म्हणजे जायला नको. मग डोकं दुखतं, लघवीची जळजळ होते, लक्ष लागत नाही. मी शिक्षिका आहे म्हणून सांगते, कोमेजलेला चेहरा वर्गात दिसतो, त्यामागचं दार दिसत नाही.

पुष्कळदा दार बंद होतं, पण खिट्टी भोकात जात नाही, एवढीच अडचण असते. तेव्हा खिट्टीच्या टोकाला ओला खडू लावा, दार लोटून खिट्टी सरकवा. खूण भोकाच्या वर उमटली की खाली ते कळेल. मग दाराला हात लावायचं कारणच नाही, भोकाची पट्टी तेवढी सरकवून घ्यायची.

हे सगळं पाहून मुख्याध्यापकांना अर्ज लिहा. ‘दार खराब आहे’ असं नको. ‘मुलींच्या स्वच्छतागृहाचं डावीकडचं दार, वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू सैल, खिट्टी भोकाच्या एक सूत खाली येते’ असं लिहा. असा अर्ज शिपाईकाका स्क्रूड्रायव्हर घेऊन थेट दारापाशी नेऊ शकतात.

ज्यांच्या घरी लाकडी दार आहे त्यांनी दर महिन्याच्या एक तारखेला कडीच्या बाजूच्या फटीत लग्नपत्रिकेचे किती तुकडे मावतात ते मोजून वहीत लिहा. वर्षभराचे बारा आकडे, गावाच्या नावासह मला पाठवा. बिजागरीच्या बाजूला मात्र मोजायला जाऊ नका. पलीकडून कुणी दार लोटलं तर बोटं चेमटतील.