रिकामा वाफा

फेब्रुवारीतली गोष्ट. सोसायटीच्या माळ्यानं जिन्याजवळचा वाफा उकरला आणि तिथे गोल्डन दुरांटा लावून टाकला. मी खाली धावले तोवर माझ्या भुईचाफ्याचे गड्डे विटांच्या तुकड्यांसकट घमेल्यात पडले होते. "काकू, तिथे काहीच नव्हतं हो," तो म्हणाला. त्याचा दोष नाही. कमिटीनं बजावलंय, बाग बारा महिने हिरवी दिसली पाहिजे.

माझं भांडण या बारा महिन्यांशी आहे.

भुईचाफा हळदीच्या कुळातला. दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात, पौषात वाफा उघडा. मग ऐन उन्हाळ्यात, एक पान नसताना, थेट मातीतून फूल वर येतं. पांढऱ्या पाकळ्या, खाली जांभळी जीभ, आणि वाकल्याशिवाय न कळणारा वास. एक फूल जेमतेम दिवसभराचं, पण शेजारी दुसरं तयार असतं. पानं येतात ती पावसाबरोबर. दीड फुटाची, वरून नक्षीदार, खालून जांभळट.

लांज्याला सासूबाईंनी तो परसात फणसाच्या सावलीत, अळवाच्या जरा वरच्या अंगाला लावला होता. जमीन ओलसर हवी, चिखल नको, म्हणून वरच्या अंगाला. पानं असेतो माती सुकू द्यायची नाही, पानं गेली की पाणी बंद. मला पहिल्या वर्षी दया आली, जानेवारीतही पाणी घालत राहिले. निम्मे गड्डे कुजले.

त्याचं शास्त्रीय नाव केम्प्फेरिया. लिनेअसनं ते एंगेलबर्ट केम्प्फर या जर्मन डॉक्टरवरून ठेवलं, जो १६९० ते १६९२ जपानात होता. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "त्यानं कधी लावला होता का?"

दुरांट्याला बारा महिने कात्री मारत बसायचं, तरी तो शेवटी कुंपणच. कमिटीनं माळ्याला एवढंच सांगावं की थंडीत रिकामा दिसणारा वाफा विचारल्याशिवाय उकरायचा नाही. पैसा लागत नाही.

घमेल्यातून सात गड्डे धड निघाले, खाली शेंगदाण्याएवढ्या गाठी लोंबणारे. ते कुंडीत लावून वर पाटी खोचली आहे: 'झोपलाय. पाणी घालू नये.' काल आमच्या कामवाल्या ताईंनी तांब्याभर घातलंच.