निनावी अर्जाखालचं नाव

'कॉम्प्युटर सिक्युरिटी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं बडवणारा कुणी हॅकर येतो. मला मात्र आमच्या मेसचे काका आठवतात. त्यांनी काहीही हॅक केलं नव्हतं. एका वर्ड फाईलवर राईट क्लिक केलं होतं, बस्स!

झालं ते असं. गेल्या वर्षी आमच्या पिंपळे सौदागरच्या हॉस्टेलवर मेसच्या जेवणावरून कुरकुर चालू होती. डाळीत डाळ शोधावी लागायची, पोळ्या कच्च्या, आणि पैसे मात्र आगाऊ. बोलायला सगळे पुढे, लिहायला कुणी नाही. शेवटी रात्री एक वाजता मीटिंग भरली आणि ठरलं की रेक्टर सरांना निनावी अर्ज द्यायचा, तोही इंग्लिशमध्ये, म्हणजे वजन पडतं! मी कॉन्व्हेंटचा, म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझा लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता, म्हणून रूम पार्टनरचा उघडला. पार्टनर तेव्हा गाढ झोपला होता. तो मीटिंगलाही नव्हता.

अर्ज झकास जमला. खाली कुणाचंच नाव नाही. नवा मेल आयडी काढला, फाईल जोडली, पाठवली आणि 'आता कोण पकडतंय' अशा थाटात झोपलो. ऑफिसमधून ती फाईल 'खुलासा करावा' म्हणून जशीच्या तशी काकांकडे गेली. काकांनी प्रॉपर्टीज उघडल्या. ऑथर : माझ्या पार्टनरचं नाव, आडनावासकट.

पार्टनरच्या घरी शेती. मेसचे पैसे एकदम भरणं त्याला जमायचं नाही आणि काका त्याला हप्त्याने देऊ द्यायचे. दुसऱ्याच दिवशी ती सवलत बंद झाली. मी जाऊन सांगितलं, "काका, अर्ज मी लिहिलाय." तर म्हणाले, "मित्राला वाचवायला आलास, चांगलंय. पण फाईल खोटं बोलत नाही." आणि फाईल तर चक्क खोटं बोलत होती! त्यानंतर दोन महिने पार्टनर रात्री कोकणे चौकाकडे जाऊन वडापाव खाऊन यायचा. मला तो एका शब्दानेही बोलला नाही. तेच जास्त लागलं.

मग मी थोडा अभ्यास केला. (परीक्षेसाठी करत नाही एवढा!) वर्ड ज्या मशीनवर चालतं, तिथे ऑफिस वापरणाऱ्याचं जे नाव भरलेलं असेल ते नवीन फाईलमध्ये 'ऑथर' म्हणून आपोआप बसतं. शेवटी कुणी सेव्ह केलं, कधी केलं, हेही बसतं. ट्रॅक चेंजेस चालू असेल तर खोडलेली वाक्यंसुद्धा आत राहतात. म्हणजे कागदावर आपण जे लिहितो त्यापेक्षा फाईल जास्त बोलते, आणि नेहमी खरंच बोलते असंही नाही. मशीन कुणाचं ते ती सांगते, बोटं कुणाची ते नाही.

ही चूक भल्याभल्यांची झाली आहे. अमेरिकेत विचिटा शहरात डेनिस रेडर हा खुनी तीस वर्षं सापडत नव्हता. २००५ साली त्याने एका टीव्ही स्टेशनला फ्लॉपी पाठवली. त्यातल्या पुसलेल्या वर्ड फाईलमध्ये त्याच्या चर्चचं नाव आणि 'डेनिस' एवढा शब्द सापडला आणि काही दिवसांतच तो पकडला गेला. २००३ साली ब्रिटिश सरकारने इराकबद्दलचा अहवाल वर्ड फाईल म्हणून जाहीर केला, तर तो कुणाकुणाच्या हाताखालून गेला ती नावं फाईलमधूनच बाहेर आली. खुनी पकडला गेला ते उत्तमच झालं. पण माझ्या पार्टनरने कुणाचं काय केलं होतं?

यावर उपाय आहे आणि तो दहा सेकंदांचा आहे. वर्डमध्ये फाईल, मग इन्फो, मग चेक फॉर इश्यूज, मग इन्स्पेक्ट डॉक्युमेंट. नाव, कॉमेंट्स, लपलेला मजकूर सगळं शोधून काढून टाकता येतं. 'आपण पीडीएफ करून पाठवतो' म्हणणाऱ्यांनी खूश होऊ नये. वर्डमधून पीडीएफ केली तरी ऑथरचं नाव तिच्यात उतरू शकतं. आधी साफ करा, मग पीडीएफ.

दुसरा गैरसमज पासवर्डचा. आपल्यातले बरेच जण रिपोर्टला 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग'चा पासवर्ड लावतात आणि निर्धास्त होतात. आता गंमत बघा. आजची वर्ड फाईल म्हणजे खरं तर एक झिप फाईल असते. एक्स्टेन्शन बदलून झिप करा, उघडा, आत सेटिंग्जची साधी एक्सएमएल फाईल दिसेल. एडिटिंगची बंदी म्हणजे त्यातली एक ओळ. ती काढली की बंदी उठली! दाराला कुलूप नाही, नुसती 'आत येऊ नये' अशी पाटी. खरं कुलूप म्हणजे 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. त्यात अख्खी फाईलच एईएस पद्धतीने एन्क्रिप्ट होते. मात्र जुन्या 'डॉक' फॉरमॅटमध्ये सेव्ह करू नका, त्यात ४० बिटची कमकुवत की असायची. पासवर्ड लांब ठेवा आणि ज्या ग्रुपवर फाईल टाकली त्याच ग्रुपवर पासवर्ड टाकू नका. हसू नका, आमच्या ग्रुपवर हे झालेलं आहे.

तिसरी गोष्ट झेरॉक्सच्या दुकानाची. सबमिशनच्या आदल्या रात्री दुकानातल्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप एकदा बघा. कुणाचा बायोडेटा, कुणाचा आधार, कुणाचं भाडेकरार, कुणाचं उत्पन्नाचं सर्टिफिकेट... दुकानदार बिचारा काही करत नाही, पण त्याच्यानंतर त्या मशीनवर बसणारा कोण हे कुणाला माहीत? प्रिंट झाली की फाईल डिलीट करून रिसायकल बिनही रिकामी करा, मेलमधून लॉग आऊट व्हा. आधारची प्रत द्यायचीच असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

आणि फाईल लपवणं म्हणजेच सुरक्षा नाही. ती आपल्याला हवी तेव्हा मिळणं हीसुद्धा सुरक्षाच. २०२१ च्या फेब्रुवारीत आपल्याच पिंपरी चिंचवड स्मार्ट सिटीच्या २७ सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. डेटा एन्क्रिप्ट करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली आणि मार्चमध्ये पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. ज्या स्मार्ट सिटीत पिंपळे सौदागर आणि पिंपळे गुरव हे निवडलेले भाग, तिची ही गोष्ट! तिथे एवढी यंत्रणा असून हे होतं, तर आपला फायनल इयरचा रिपोर्ट एकाच पेन ड्राईव्हवर ठेवणं म्हणजे धाडसच म्हणायचं. एक प्रत लॅपटॉपवर, एक ड्राईव्हवर, एक कपाटात. आणि अनोळखी वर्ड फाईल 'एनेबल कंटेंट' दाबा म्हणाली तर दाबू नका. १९९९ सालचा मेलिसा व्हायरस वर्डच्या मॅक्रोमधूनच पसरला होता, उघडणाऱ्याच्या अॅड्रेस बुकमधल्या पहिल्या ५० जणांना तो स्वतःहून मेल पाठवायचा. इंटरनेटवरून आलेल्या फाईलचे मॅक्रो आपणहून बंद ठेवायला मायक्रोसॉफ्टला २०२२ उजाडलं.

आता जरा घरचा आहेर. दोष फक्त विद्यार्थ्यांचा नाही. आदरणीय सर आणि मॅडम, शिष्यवृत्तीची यादी जेव्हा वर्ड फाईलमध्ये दोनशे जणांच्या ग्रुपवर येते, तेव्हा त्यात नावासमोर जात, उत्पन्न, मोबाईल नंबर, बँकेचा खाते क्रमांक सगळं असतं. एखाद्याच्या वडिलांचं वार्षिक उत्पन्न किती हे अख्ख्या वर्गाला कळायची काय गरज? ज्याला त्याला त्याची ओळ दाखवली तर नाही का चालणार? २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, पण मी कायद्याचा धाक घालत नाही. साधा माणुसकीचा प्रश्न आहे. आणि कुणी तक्रार केली तर तिची फाईल ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडे फॉरवर्ड करू नये. मुद्दे वेगळ्या कागदावर उतरवून पाठवावेत.

"माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" असं पोरं नेहमी विचारतात. मीही विचारायचो. आता उत्तर मिळालंय. आपल्याकडे नसेल, पण आपल्या फाईलमध्ये दुसऱ्या कुणाचं तरी असतं. चूक माझी होती आणि उपाशी पार्टनर राहिला. फाईल जपणं म्हणजे फक्त स्वतःला जपणं नव्हे, हे मला फार उशिरा कळलं.

आणखी एक. ज्याचं खरंच काही बिघडू शकतं त्याला निनावी राहायचा हक्क आहे, आणि तो हक्क नीट सांभाळला गेला पाहिजे. पण माझं काय बिघडणार होतं? मेसचे पैसे घरून एकरकमी येत होते. मी त्या अर्जाखाली सरळ सही करायला हवी होती.

असो. हा लेख मी माझ्याच लॅपटॉपवर लिहिला आहे. संपादकांना पाठवताना इन्स्पेक्ट डॉक्युमेंट करून सगळं साफ केलं. फक्त ऑथरच्या जागी माझं नाव पुन्हा टाईप केलं, आणि ते मुद्दाम ठेवलं आहे.