सामाईक अंगण आणि खाजगी पत्रा

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर उरकाव्या लागतात. ज्यांनी अशा सभेस हजेरी लावली असेल त्यांस एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असेल. वर्षभराचा जमाखर्च, लेखापरीक्षकाचा अहवाल, दुरुस्ती निधीची शिल्लक हे विषय दहा मिनिटांत एकमताने मंजूर होतात. आणि इमारतीच्या मागल्या बाजूस तळमजल्यावरील एका सभासदाने घातलेल्या पत्र्याच्या छपराचा विषय निघाला की दोन तास पुरत नाहीत. आवाज चढतात, जुनी उणीदुणी निघतात, कोणी तरी रागाने उठून जातो आणि अखेर ‘हा विषय पुढील सभेत घ्यावा’ असा ठराव होतो. पुढील सभेतही तोच ठराव होतो. दरम्यान पत्र्याखाली विटांची भिंत उभी राहिलेली असते.

हा विषय क्षुल्लक आहे, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर त्यास स्थान नको, असे ज्यांस वाटत असेल त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. महाराष्ट्रात आज एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदलेल्या आहेत. शहरातील सुशिक्षित मध्यमवर्ग सार्वजनिक कारभाराचा प्रत्यक्ष अनुभव कोठे घेत असेल तर तो येथेच. विधिमंडळात तो आपला प्रतिनिधी पाठवितो. सोसायटीत तो स्वतः मत देतो, स्वतः नियम करतो आणि तो नियम स्वतःच्याच शेजाऱ्यास व स्वतःस लावण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. ज्याला आपल्या पत्र्यापाशी कायदा आठवत नाही, त्याने पदपथावरील फेरीवाल्यास कायदा शिकवावा, हे शोभणारे नाही.

अतिक्रमण कधी एका रात्रीत होत नाही. प्रथम कुंड्या येतात, आणि कुंड्यांस कोणाचीच हरकत नसते. मग कुत्री शिरतात म्हणून तारेचे कुंपण येते. वाळत घातलेले कपडे भिजतात म्हणून जूनमध्ये पावसाळी पत्रा येतो. चिखल होतो म्हणून फरशी बसते. चोरीचे भय म्हणून लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप येते. प्रत्येक पायरीस एक समंजस कारण असते, आणि म्हणूनच कोणत्याही एका पायरीवर कोणी विरोध करीत नाही. जूनमध्ये चढलेला पत्रा ऑक्टोबरात उतरावयाचे विसरतो. पाच-सात वर्षांनी फ्लॅट विकावयास निघाला की जाहिरातीत ‘खाजगी बागेसह’ हे शब्द येतात आणि जी जागा साठ कुटुंबांची होती, तिची किंमत एक कुटुंब खिशात घालते. नवा खरेदीदार म्हणतो, मी पैसे मोजून घेतले आहे. त्याचेही बोलणे खोटे नसते. वरच्या मजल्यावर हीच कथा गच्चीची, जिन्याखालच्या जागेची आणि सदनिकेबाहेरील बोळाची. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आपल्याकडे म्हणतात ते याच प्रकाराविषयी.

इमारतीभोवतीची जागा बांधणाऱ्याच्या औदार्याने मोकळी राहिलेली नसते. नियमांच्या भाषेत तिला सामासिक अंतर म्हणतात. दोन इमारतींच्या मध्ये उजेड आणि वारा राहावा, सांडपाण्याच्या वाहिन्या उघडून दुरुस्त करता याव्यात, पावसाचे पाणी जमिनीत मुरावे आणि आग लागल्यास बंब आत यावा, म्हणून ती सोडावी लागते. उंच इमारतींभोवती बंबासाठी किमान सहा मीटर रुंदीची वाट असावी, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. ज्या वाटेत एकाने शेड, दुसऱ्याने मोटारीचे छप्पर आणि तिसऱ्याने देवघर उभारले आहे, तेथे बंब येणार कसा? २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईतील कमला मिल आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ माणसे मृत्युमुखी पडली. ती गच्ची गृहनिर्माण संस्थेची नव्हती हे खरे. परंतु मोकळ्या गच्चीवर ज्वालाग्राही छत घातले म्हणजे काय होते, हे समजण्यास निवासी व व्यापारी असा भेद करण्याचे कारण नाही.

ही जागा कोणाची, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांनी पुनःपुन्हा दिले आहे. मुंबईत दहिसर येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था आणि तिचा विकासक यांच्यातील वादात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निर्णय दिला की, इमारतीच्या खांबांमधील वाहनतळ हा स्वतंत्रपणे विकण्याजोगा गाळा नाही. तो सामाईक जागेचा भाग आहे आणि विकासकास तो विकण्याचा अधिकार नाही. त्यानंतर बरोबर अकरा वर्षांनी, ३१ ऑगस्ट २०२१ रोजी, त्याच न्यायालयाने नोएडा येथील दोन उत्तुंग मनोरे पाडण्याच्या आदेशावर शिक्कामोर्तब केले. मूळ नकाशात जेथे बाग दाखविली होती, तेथे मनोरा चढला; रहिवाशांची संमती घेतली गेली नाही आणि इमारतींमधील किमान अंतरही राखले गेले नाही. हा लढा तेथील रहिवाशांच्या संघटनेने वर्षानुवर्षे स्वखर्चाने चालविला होता. २८ ऑगस्ट २०२२ रोजी ते मनोरे काही सेकंदांत जमीनदोस्त झाले, तेव्हा देशभरच्या मध्यमवर्गीय घरांतून समाधानाचा सूर उमटला.

तो सूर योग्यच होता. तथापि ज्या तत्त्वावर ते मनोरे पडले, त्याच तत्त्वावर मागल्या अंगणातील पत्राही पडतो, हे त्या दिवशी किती जणांच्या मनात आले? सर्वांच्या जागेवर सर्वांच्या संमतीवाचून एकाने बांधू नये, हे ते तत्त्व. विकासकाने केले म्हणजे लूट आणि आपण केले म्हणजे सोय, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

सहकारी घरबांधणीच्या मूळ कल्पनेत हा विचार अंतर्भूत होता. १९१२ च्या सहकारी कायद्याने पतपेढ्यांखेरीज अन्य प्रकारच्या संस्थांस वाट मोकळी करून दिली आणि १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातील अगदी आरंभीच्या गृहनिर्माण संस्थांत तिची गणना होते. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांसमोर प्रश्न होता तो मुंबईतील भाड्याने जेरीस आलेल्या नोकरदाराचा. एकेकट्यास न झेपणारे घर सर्वांनी मिळून उभारावयाचे, हा त्यावरचा उपाय होता. ‘मिळून’ या शब्दावरच ती सारी इमारत उभी आहे. आजच्या सभासदास भागपत्रावरील आपले नाव आठवते. ते भागपत्र ज्या सामाईक मालकीचा दाखला आहे, ती मात्र तो विसरतो.

मग नियम अपुरे आहेत काय? मुळीच नाहीत. १९६० चा सहकारी संस्था अधिनियम आहे, १९६३ चा सदनिका मालकी कायदा आहे, १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आहे, आणि २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी सहकारी अधिनियमात स्वतंत्र प्रकरणही घातले गेले आहे. आमच्या मते खरा दोष नियम लावण्याच्या रीतीत आहे. कार्यकारी समितीला शेजारच्या विंगमधील पत्रा दिसतो, सचिवाच्या सदनिकेखालचा दिसत नाही. ज्याने निवडणुकीत विरोध केला त्याला नोटीस जाते, ज्याने पाठिंबा दिला त्याचे प्रकरण ‘विचाराधीन’ राहते. आठ वर्षे उभ्या असलेल्या छपराविरुद्ध तक्रार नेमकी त्याच महिन्यात होते, ज्या महिन्यात दोन कुटुंबांत गाडी लावण्यावरून भांडण झालेले असते. अशा वेळी नोटीस मिळालेला सभासद ‘माझाच का?’ असे विचारतो, आणि त्याचे बांधकाम बेकायदा असले तरी त्याचा प्रश्न रास्त असतो. या एका प्रश्नास समितीपाशी उत्तर नसल्याने सारी कारवाई लटकी पडते.

समितीने दिलेल्या ‘परवानगी’चाही येथे विचार करावयास हवा. अध्यक्षांनी जिन्यात भेटून ‘करा, काही हरकत नाही’ म्हटले, ही परवानगी नव्हे. समितीने पत्र दिले तरी ती पुरेशी नव्हे. किंबहुना सर्वसाधारण सभेने एकमताने ठराव केला, तरी महापालिकेच्या मंजूर नकाशाविरुद्धचे बांधकाम त्या ठरावाने कायदेशीर होत नाही. जे देण्याचा अधिकार आपणांस नाही ते देऊन समित्या सभासदांची फसवणूक करतात आणि पुढील समितीच्या गळ्यात वाद अडकवितात.

या नाण्यास दुसरी बाजू आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणे अन्यायाचे होईल. नियमांचा बडगा हाच ज्यांचा आनंद असतो, अशी माणसेही समित्यांवर निवडून येतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांस याचा परिचय असेल. तेथील घरमालक संघटना घराचा रंग, कुंपणाची उंची आणि परसातील अवजारांची खोली यांवर नियम करतात व मोडणाऱ्यास दंड करतात. सदनिकेत तीन मांजरे पाळणाऱ्या एका महिलेस असा दंड झाला, तेव्हा १९९४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला की, नोंदलेल्या करारातील नियम अवाजवी नसेल तर तो पाळलाच पाहिजे. पुढे त्याच राज्यात घरांची टंचाई तीव्र झाली आणि परसात दुसरे छोटे घर बांधण्यास या संघटनांनी सरसकट बंदी करू नये, असा कायदा २०१९ साली करावा लागला. तो १ जानेवारी २०२० पासून अमलात आला. वाजवी अटी घालण्याचा संघटनांचा हक्क त्याने राखला आहे. तेथे परस ज्याचे त्याचे असते, आपल्या सोसायटीत अंगण सर्वांचे असते, हा भेद मोठा आहे. तरीही एक बोध समान आहे: नियमाने आपले प्रयोजन सोडू नये.

ते प्रयोजन ध्यानी ठेवले तर अनेक वाद चुटकीसरशी सुटतील. चाकांच्या खुर्चीवरील वृद्धासाठी प्रवेशद्वारी उतरण बांधणे आणि बागेला कुलूप लावणे, या दोन गोष्टी एका तराजूत तोलता येणार नाहीत. पहिलीत सामाईक जागा अधिक लोकांस खुली होते, दुसरीत ती बंद होते. गळक्या गच्चीवर चार महिन्यांसाठी महापालिकेच्या परवानगीने घातलेले छप्पर आणि त्याच छपराखाली थाटलेली खोली, यांतही हाच भेद आहे. भाडेकरू, एकटी राहणारी स्त्री, सभेत बोलावयास बिचकणारा म्हातारा यांच्या बाबतीत नियम कडक आणि वजनदार सभासदाच्या बाबतीत मऊ, असे होऊ लागले की नियमाचे प्रयोजन संपले असे समजावे.

घरे लहान आहेत, कुटुंबे वाढतात, मुलांना अभ्यासाला कोपरा नाही, हे सारे आम्हांस मान्य आहे. या शहरात एक खोली वाढविण्यास आयुष्याची कमाई लागते, याची जाणीव ठेवूनच आम्ही लिहीत आहोत. परंतु ती जागा ज्यांच्याकडून घेतली जाते, त्या शेजाऱ्यांची घरेही तितकीच लहान असतात. त्यांच्या मुलांना खेळावयास उरले होते ते तेवढेच अंगण.

आता करावयाचे काय? पहिली गोष्ट, प्रत्येक संस्थेने आपल्या इमारतीचा मंजूर नकाशा मिळवून फलकावर लावावा. निम्मे वाद तो न पाहिल्यामुळे होतात. दुसरी गोष्ट, एकाच दिवशी, एकाच फितीने, सर्व बांधकामांची मोजणी व्हावी आणि तिचा आरंभ समितीच्या सभासदांच्या दारापासून व्हावा. तिसरी, जे नकाशाबाहेर असेल ते काढण्यास सर्वांना सारखीच, लेखी आणि पुरेशी मुदत मिळावी. चौथी, समजुतीने न मिटल्यास अनधिकृत बांधकामाची तक्रार महापालिकेकडे आणि संस्थेच्या कारभाराचा वाद सहकार न्यायालयाकडे न्यावा. सभागृहात एकमेकांचे बाप काढून काही निष्पन्न होत नाही.

महापालिकेनेही आपल्या नोटिसा कपाटात झोपू देऊ नयेत. शासनाने तर एक सवय सोडावी. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही अनधिकृत बांधकामे आकार भरून नियमित करण्याची सोय २०१७ साली नगररचना अधिनियमात केली गेली. अशा सोयींतून नागरिक एवढेच शिकतो की, नियम पाळणारा भोळा आणि थांबून राहणारा शहाणा.

आम्हांस विनंती करावयाची आहे ती मात्र प्रामुख्याने त्या सभासदास, ज्याचा पत्रा आज उभा आहे आणि ज्यास अजून कोणी नोटीस दिलेली नाही. त्याने तो आपण होऊन उतरवावा. शेजाऱ्याने तक्रार केल्यावर उतरविलेल्या पत्र्याने वैर वाढते. न सांगता उतरविलेल्या पत्र्याने पुढच्या सभेत नियमाविषयी बोलण्याचा अधिकार मिळतो. असे दहा सभासद एका संस्थेत निघाले, तर अकराव्यास नोटीस धाडण्याची पाळी समितीवर बहुधा येणार नाही.